मुखरोगनिदान आणि नवा दंतवैद्य : खान्देशाच्या संदर्भात पार्श्वभूमी

दंतवैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडणारा तरुण दाढ काढायला किंवा रूट कॅनाल करायला सहसा कचरत नाही. गालाच्या आतला पांढरा चट्टा, जिभेच्या कडेचा दोन आठवडे उलटूनही न भरलेला व्रण किंवा दोन बोटेही मावणार नाहीत इतके आखडलेले तोंड समोर आले, की मात्र निदान सांगताना आणि बायॉप्सीचा, म्हणजे तपासणीसाठी पेशींचा तुकडा काढण्याचा, निर्णय घेताना तो अडखळतो. धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांत सुपारी, तंबाखू-चुना आणि मिश्री घराघरांत रुळलेली असल्याने ही अडचण पुस्तकी राहत नाही.

1948 च्या दंतवैद्य कायद्याने (डेंटिस्ट्स अ‍ॅक्ट) दंतवैद्यकाच्या व्यवसायाची नोंदणी आणि शिक्षण एका चौकटीत आले. सुपारीमुळे तोंड आखडण्याच्या विकाराचे वर्णन 1950 च्या दशकाच्या आरंभीच झाले होते. तो तरुणांमध्ये फोफावला तो पुढे गुटख्याच्या पुड्या टपरीटपरीवर लटकू लागल्यावर. राज्याने 2002 मध्ये घातलेली गुटखाबंदी 2004 मध्ये न्यायालयात टिकली नाही, 2012 मध्ये ती नव्याने आली, आणि पुड्या आजही मिळतात.

शिक्षणाच्या बाजूने सर्वांत वादग्रस्त ठरला तो भारतीय दंत परिषदेच्या 2007 च्या नियमावलीतील निर्णय. चार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप ही रचना मोडून त्या नियमावलीने सलग पाच वर्षांचा अभ्यासक्रम आणला. पाचव्या वर्षीही विद्यार्थी रुग्ण तपासणारच आहे, मग वेगळी इंटर्नशिप कशाला, हा युक्तिवाद कागदावर सुसंगत होता. परंतु परीक्षेसाठी ठरावीक संख्येने रुग्ण पूर्ण करणारा विद्यार्थी आणि परीक्षेच्या ओझ्यातून सुटून ओपीडीत बसलेला इंटर्न यांच्या नजरेत फरक असतो, ही गोष्ट त्यात सुटली. भरलेले दात मोजता येतात. दिसलेला, बोटाने चाचपलेला आणि वरिष्ठांशी चर्चा करून नाव दिलेला चट्टा कोणत्याही कोट्यात बसत नाही. काही वर्षांतच दुरुस्ती करून इंटर्नशिप परत आणावी लागली.

परत आलेल्या बारा महिन्यांची वाटणीही बोलकी आहे : मुखरोगनिदान व क्ष-किरण विभागाला एक महिना, मुखविकृतिशास्त्राला (तोंडाच्या रोगांतील पेशींच्या बदलांचा अभ्यास) पंधरा दिवस आणि सामुदायिक दंतचिकित्सेला तीन महिने. हे तीन महिने खान्देशात खरे तर सर्वांत मोलाचे ठरू शकतात, कारण शहरातल्या महाविद्यालयापर्यंत न येणारा रुग्ण तेव्हाच भेटतो. मात्र दात काढणे आणि साफ करणे एवढ्यावरच शिबिर आटोपले, तर जीभ बाहेर ओढून तिच्या कडा व तोंडाचा तळ पाहण्याचा सराव राहूनच जातो.

अलीकडे तिशीपुढील प्रत्येकाच्या तोंडाची कर्करोगासाठी प्राथमिक तपासणी गावपातळीवरील आरोग्य कर्मचाऱ्यांनी करावी, असे राष्ट्रीय धोरण आले. त्यामुळे नंदुरबारमधील धडगाव किंवा अक्कलकुवा परिसरात संशयित म्हणून निवडलेला रुग्ण पुढच्या पायरीवर दंतवैद्याकडेच येणार, आणि तिथे अनेकदा नुकताच पदवीधर झालेला तरुण असणार. 1948 च्या कायद्याची जागा घेणाऱ्या 2023 च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात पदवीच्या अखेरीस देशभर एकच परीक्षा घेण्याची तरतूद आहे. ती केवळ दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडण्याची राहिली, तर ओपीडीतला महिना पुन्हा परीक्षेच्या तयारीतच खर्ची पडेल.