माधव (व्यक्तिनाम)

माधव हे भारतात फार जुन्या काळापासून चालत आलेले पुरुषांचे नाव. ‘मा’ म्हणजे लक्ष्मी, ‘धव’ म्हणजे पती, म्हणून माधव म्हणजे विष्णू. मधू या यादव पूर्वजाच्या कुळात जन्मला म्हणून कृष्णही माधव. वैशाखाचे वैदिक नावही हेच. संध्येला बसलेला माणूस केशव, नारायण, माधव अशी तीन नावे घेत तळहातावरचे पळीभर पाणी पितो आणि गोविंद म्हणताना ते ताम्हनात सोडतो. इतके ओठांवरचे नाव घरोघरी ठेवले गेले. त्यामुळे एका माधवाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखायला प्रत्येक काळाला काहीतरी जोडावे लागले. या नावाचा खरा इतिहास त्या जोडांमध्येच आहे.

इंदुकराचा मुलगा माधवकर याने रोगनिदानावर लिहिलेला ग्रंथ वैद्यांमध्ये ‘माधवनिदान’ म्हणूनच ओळखला जातो. ‘निदाने माधवः श्रेष्ठः’ हे वचन आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना आजही पाठ असते.

केरळचा गणिती माधव (सुमारे १३४०–१४२५) संगमग्राम या आपल्या गावाच्या नावाने ओळखला जातो. परिघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराची अनंत श्रेणी त्याने युरोपच्या अडीचशेहून अधिक वर्षे आधी मांडली. त्याच्या नावावर सांगितला जाणारा एक श्लोक मुद्दाम पाहण्यासारखा आहे. त्यात विबुध म्हणजे देव, ३३. नेत्र म्हणजे २. गज म्हणजे ८. असे शब्दांत अंक गुंफले आहेत. ते उलट्या क्रमाने मांडले की २८२७४३३३८८२३३ ही संख्या येते. नऊ निखर्व (नवावर अकरा शून्ये) व्यासाच्या वर्तुळाचा हा परिघ. भागून पाहिले तर गुणोत्तर दहा दशांश स्थळांपर्यंत अचूक निघते. श्रेणींवरचे त्याचे मूळ लेखन हाती नाही. नीलकंठ, ज्येष्ठदेव या पुढच्या पिढ्यांनी गुरूचे नाव प्रामाणिकपणे सांगितले म्हणून तो उरला.

सर्वांत मोठा घोळ त्याच शतकातल्या विजयनगरचा. वेदांचा भाष्यकार सायण याचा थोरला भाऊ माधवाचार्य हा पंडित. गोवा जिंकणारा माधवमंत्री वेगळा. पहिल्याचे वडील मायण, दुसऱ्याचे चौंड, गोत्रेही निराळी. तरी दोघांचे चरित्र दीर्घकाळ एकच समजले गेले. माधवाचार्यच पुढे शृंगेरी पीठाचे विद्यारण्य स्वामी झाले, ही परंपराही सर्व संशोधकांना मान्य नाही. त्यात भर म्हणून तेराव्या शतकातले द्वैतमताचे प्रवर्तक मध्वाचार्य यांनाही पुष्कळदा ‘माधवाचार्य’ लिहिले जाते. ती सरळ चूक आहे: मध्व आणि माधव ही दोन वेगळी नावे.

मराठी मनात मात्र माधवराव म्हटले की पेशवेच येतात. पानिपतानंतर वयाच्या सोळाव्या वर्षी गादीवर आलेल्या थोरल्या माधवरावांनी १७६३ मध्ये राक्षसभुवनला निजामाला हरवले आणि राज्याची घडी पुन्हा बसवली. १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने त्यांचा अंत झाला, तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. पुढच्या वर्षी त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा याचा खून झाला. त्याच्या मृत्यूनंतर, १७७४ मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या मुलाला चुलत्याचेच नाव मिळाले, वर ‘सवाई’ हे विशेषण. सवाई म्हणजे सव्वापट. गेलेल्या माधवरावांहून मोठा व्हावा ही साऱ्या दरबाराची आस त्या एका शब्दात दिसते. १७९५ मध्ये शनिवारवाड्याच्या सज्जातून पडून तोही एकविसाव्या वर्षी गेला.

सगळे माधवराव जन्माचे माधव नव्हेत. महादजी शिंदे आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) या दोघांनाही माधवराव म्हटले गेले. शिवाचे नाव बोलण्यात सहज विष्णूचे झाले. तंजावरी मराठी घराण्यातले सर टी. माधवराव (१८२८–१८९१) हे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले.

कवी माधव त्र्यंबक पटवर्धन (१८९४–१९३९) यांनी आपला जोड स्वतःच निवडला: माधव जूलियन. गझल मराठीत रुजवणारा आणि फारसी-मराठी कोश रचणारा हा कवी पुढे भाषाशुद्धीचा पुरस्कर्ता झाला. मराठी वाचक त्यांना आजही जूलियन म्हणूनच ओळखतो.