डेटा सेंटरमधले दिवे बदलताना: दिवा विझला म्हणजे सप्लाय गेला असं नाही

दिव्यांच्या देखभालीचं काम आम्हाला देणाऱ्या ठाणे-नवी मुंबईतल्या ग्राहकांसाठी

"एक एलईडी पट्टी बदलायला तुमची माणसं अख्खी सकाळ घेतात," ही तक्रार आमच्याकडे नेहमी येते. घरात ते दहा मिनिटांचं काम आहे, कबूल. पण ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यातल्या डेटा हॉलमध्ये (सर्व्हरचे रॅक ठेवलेल्या हॉलमध्ये) बराचसा वेळ पट्टीला हात लावण्याआधीच जातो. तो कशात जातो आणि त्यात तुमच्याकडून काय लागतं, ते इथे सांगतो.

दिवा बंद, वायर चालू

डेटा हॉलमधले दिवे बहुधा सेन्सरवर असतात. माणूस नसला की अंधार. सेन्सरचा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, एकच वायर तोडतो. वायरिंग करताना फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली असेल, तर तुटतो न्यूट्रल आणि विझलेल्या फिटिंगमध्ये २३० व्होल्टचा फेज तसाच राहतो. शिवाय कोणी रॅकच्या गल्लीत शिरलं की रिले पुन्हा लागतो. म्हणून डीबीतला (वीज वाटून देणाऱ्या पेटीतला) एमसीबी, म्हणजे त्या सर्किटचा स्विच, पाडून त्याला कुलूप आणि पाटी लावल्याशिवाय आमचा वायरमन शिडी चढत नाही.

एमसीबी पाडल्यावर कधीकधी उलटाच प्रकार होतो. इमर्जन्सी किट बसवलेली पट्टी सप्लाय गेला असं समजून बॅटरीवर पेटते, आणि खाली उभा असलेला माणूस म्हणतो, "अहो, चुकीचा एमसीबी पाडलात!" अशा पट्टीचं कव्हर काढलं की आत तीनऐवजी चार वायरी दिसतात. दोन फेज असतात: एक स्विचवरचा, दुसरा चोवीस तास चालू राहून बॅटरी चार्ज करणारा. हा दुसरा फेज बऱ्याचदा वेगळ्या एमसीबीवरून, काही ठिकाणी तर यूपीएसच्या डीबीवरून आलेला असतो. कडेला हिरवा ठिपका दिसत असेल तर तो फेज अजून चालू आहे. तो बंद केल्यावरही बॅटरी उरतेच. बॅटरी थोड्या व्होल्टची असली तरी किट ते व्होल्टेज वाढवून एलईडीला देतं, त्यामुळे आधी बॅटरीचा कनेक्टर ओढायचा, ड्रायव्हरमधला (एलईडीला हवा तेवढा करंट देणाऱ्या डबीतला) साठलेला चार्ज उतरेपर्यंत थांबायचं, मग स्क्रू ड्रायव्हर.

न्यूट्रलला आम्ही जास्त घाबरतो. तीन फेजवर वाटलेल्या दिव्यांना पूर्वी एकच न्यूट्रल फिरवायची पद्धत होती, आणि वागळे इस्टेटमधल्या जुन्या इमारतींत बसवलेल्या सर्व्हर रूममध्ये ती आजही सापडते. एका फेजचा एमसीबी पाडला तरी बाकीच्या दोन फेजचा करंट त्याच न्यूट्रलमधून वाहत असतो. तो जोड सोडला की सुटलेल्या टोकावर जोराचा व्होल्टेज येतो, आणि त्या दोन फेजवरच्या ड्रायव्हरना २३० ऐवजी ४१५ व्होल्टपर्यंत झेलावे लागतात. माणूस वाचला तरी रांगेतल्या पट्ट्या जातात. अशा डीबीवर आम्ही तिन्ही फेज बंद करूनच काम करतो.

खिशातला टेस्टर

दिवा लागणारा पेनासारखा टेस्टर आमच्याही खिशात असतो, पण वायर मेलेली आहे याची खात्री त्यावर करत नाही. त्यातला निऑन पेटायला अगदी बारीक का होईना, पण करंट शरीरातून जमिनीकडे जावा लागतो. रबरी सोलचे बूट आणि फायबरची शिडी असेल तर तो मिणमिणतो, कधी दिसतही नाही. आमच्याकडे दोन प्रोबचा टेस्टर असतो. आधी तो चालू सॉकेटवर लावून बघायचा, मग फिटिंगमध्ये फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तपासायचं, आणि शेवटी पुन्हा चालू सॉकेटवर. शेवटची पायरी वेळ खाते खरी, पण टेस्टरच मधल्या मध्ये बिघडला असेल तर ते कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

एमसीबी आहे, मग भीती कसली, असंही विचारतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. शरीराचा विरोध साधारण १००० ओहम धरला तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर वाहतात. १० अँपिअरच्या एमसीबीला त्याची खबरही लागत नाही, हृदयाला मात्र त्याहून कितीतरी कमी पुरतो. माणसाला वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळायला लागला की सप्लाय तोडणारा स्विच. बऱ्याच एलईडी ड्रायव्हरची थोडी थोडी गळती मिळून तो वारंवार पडतो म्हणून कोणीतरी बायपास करून ठेवतं. डीबीत असं दिसलं तर आम्ही ते लेखी कळवतो. राग मानू नये.

"चालू लाइनीतच करून टाका"

याला आमचं उत्तर नाही असंच असतं, अगदी "फक्त एकच पट्टी आहे" म्हणालात तरी. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा विनियमही त्यासाठी नेमलेला माणूस आणि सुरक्षेची खबरदारी असल्याशिवाय चालू लाइनीवर हात घालू देत नाहीत. तुमची खरी भीती आम्हाला ठाऊक आहे: दिव्यांचा एमसीबी पाडताना रॅक बंद पडला तर? मोठ्या डेटा सेंटरमध्ये दिव्यांचा डीबी वेगळा असतो, पण छोट्या सर्व्हर रूममध्ये दिवे आणि रॅकचं सॉकेट एकाच डीबीतून निघालेलं असू शकतं, आणि डीबीवरच्या पाट्या दहा वर्षांपूर्वीच्या. म्हणून पहिल्या भेटीत आम्ही फक्त सर्किट शोधतो आणि पाट्या नव्या करतो. महावितरणची लाइट गेली असताना "आता करून घ्या" म्हणू नका. जनरेटर काही सेकंदांत चालू होतो.

रॅकच्या वर काम करताना अवजारं दोरीने बांधलेली असतात आणि खाली कापड अंथरलेलं असतं. निसटलेला एक स्क्रू उघड्या बसबारमध्ये (मोठा करंट वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमध्ये) किंवा सर्व्हरच्या पॉवर सप्लायमध्ये गेला तर नुकसान दिव्याच्या किमतीत मोजता येत नाही. अ‍ॅल्युमिनियमची शिडी आम्ही हॉलमध्ये आणत नाही. छतात ड्रिल करायचं असेल तर धूर ओळखणारी यंत्रणा तेवढ्या वेळापुरती तुमच्या माणसाने रीतसर बंद करायची. धुळीने ती वाजली तर आग विझवणारा गॅस सुटण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

गच्चीवरचे आणि जनरेटर शेडमधले दिवे पावसाळ्याआधी उघडून घ्या. खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या, दमट हवेत टर्मिनल हिरवे पडतात आणि ग्लँडमधून (वायर फिटिंगमध्ये शिरते तिथल्या बुचातून) पाणी शिरलेल्या फिटिंगची बॉडी अर्थिंग तुटलेलं असेल तर शॉक देते. जून उजाडला की अशा कामासाठी आमच्याकडे लवकर तारीख मिळत नाही.

भेटीच्या आदल्या दिवशी तीन गोष्टी पाठवा: डीबीचा दार उघडून काढलेला फोटो, त्या दिवशीचं वर्क परमिट कोण सही करणार त्याचं नाव, आणि इमर्जन्सी दिव्यांना यूपीएसचा सप्लाय आहे का याचं उत्तर. परमिटवर सही करणारा माणूस काम संपेपर्यंत इमारतीतच हवा. आमच्या कुलपाची किल्ली शिडीवरच्या वायरमनच्याच खिशात राहते, त्यामुळे मधेच हॉलमधले दिवे लावायचे झाले तर आधी त्याला खाली बोलवावं लागेल. वायरमनचा परवाना आणि आमचं ठेकेदाराचं लायसन्स गेटवर मागून बघा, दाखवायला आम्हाला काहीच हरकत नाही.