रेडिएशनने भाजलेल्या कातडीवर लाईटचा उपचार (फोटोबायोमॉड्युलेशन)

कॅन्सरसाठी रेडिएशन चालू असताना कातडी भाजते, त्या कातडीवर ठराविक रंगाचा, अगदी कमी ताकदीचा प्रकाश टाकून ती सांभाळायची, म्हणजे फोटोबायोमॉड्युलेशन. जुन्या कागदांत याला लो लेव्हल लेसर थेरपी असं नाव सापडतं, गोष्ट तीच आहे.

नावावरूनच पहिला घोटाळा होतो, कारण सांगली-मिरजेकडं रेडिएशनलाच लोक "शेक" नाहीतर "लाईट" म्हणतात, "पंचवीस लाईट सांगितल्यात" असं बोलतात, आणि मग कातडीसाठी लाईट म्हटलं की घरचे दचकतात, आधीच शेकून काळं पडलंय आणि परत लाईट कशाला? पण हे दोन प्रकार एकदम वेगळे आहेत. रेडिएशनचे किरण पेशीतला डीएनए तोडतात, कॅन्सरची पेशी त्यानेच मरते. या दुसऱ्या लाईटमधे तोडण्याइतकी ताकदच नसते, अंगाला चटका बसत नाही, बऱ्याचदा काही जाणवतसुद्धा नाही. स्किनचे डॉक्टर सोरायसिस किंवा कोडासाठी देतात तो अल्ट्राव्हायोलेट लाईट, तोही हा नव्हे.

भाजतं का ते आधी बघू. कातडीच्या सगळ्यात खालच्या थरातल्या पेशी सारख्या नवीन कातडी बनवून वर ढकलत असतात आणि रेडिएशनचा मार नेमका त्यांना बसतो, त्यामुळे पहिले दोनेक आठवडे वरून सगळं ठीक दिसतं, मग खाज, कोरडेपणा, पापुद्रे, आणि काखेत किंवा स्तनाखालच्या घडीत कातडी ओली होऊन सोलून निघते. सगळ्यात जास्त त्रास शेवटचा शेक झाल्यानंतरच्या एक-दोन आठवड्यात होतो, म्हणजे लोक सुटलो म्हणून घरी जातात तेव्हाच. थोडाफार त्रास तर जवळजवळ प्रत्येकाला होतो. पुस्तकांत "लाल होते" असं लिहिलेलं असतं पण आपल्या सावळ्या रंगावर लाल दिसत नाही, काळपट किंवा जांभळट दिसतं, कधी नुसतं गरम लागतं, त्यामुळे सुरुवात झालेली लक्षातच येत नाही.

माझ्या तासगावच्या आत्याला स्तनाच्या ऑपरेशननंतर पाच आठवड्यात २५ शेक झाले, रोज एसटीने मिरजेला येणंजाणं. चौथ्या आठवड्यात काखेतली कातडी सुटली, ब्लाऊजची शिवण घासायची म्हणून ती जुन्या सुती साडीचा तुकडा घडी करून काखेत धरून बसायची, हात अंगाला टेकू द्यायची नाही. शेजारच्या एका काकूंनी मायेने हळद लावली, आपल्याकडं हळद म्हणजे सगळ्यावरचं औषध, पण ती काढताना सोललेल्या जागेला अजून ओरखडे आले आणि मशीनखाली झोपवायला मार्करने मारलेल्या खुणा पुसल्या त्या वेगळंच. तिला हा उपचार मिळाला नाही, असा काही असतो हे आम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं, म्हणून मी हे जरा सविस्तर लिहितोय.

प्रकाशाने उपचार ही कल्पना जुनी आहे, कातडीच्या क्षयावर प्रकाश वापरल्याबद्दल नील्स फिन्सेनना १९०३ साली नोबेल मिळालं. आताच्या उपचाराची सुरुवात बुडापेस्टमधे १९६७ च्या सुमारास झाली, तिथले डॉक्टर एंद्रे मेस्टर लेसरने कॅन्सर होतो का हे उंदरांवर बघत होते, कॅन्सर झाला नाही पण भादरलेल्या जागी केस लवकर उगवले. हे होतं कसं, तर पेशीत ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया नावाचे भाग असतात, त्यातलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एन्झाईम लाल आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश शोषतं, त्यातून पेशीला ऊर्जा जास्त मिळते, सूज कमी होते आणि जखम भरायच्या कामाला वेग येतो, असं सध्या मानतात.

पुरावा म्हणाल तर सुरुवातीला गोंधळ होता. २००७ साली अमेरिकेत पिवळ्या एलईडीने स्तनाच्या पेशंटना खूप फायदा झाला असं आलं, २०१० साली तसाच प्रयोग दुसऱ्यांनी केला तर काही फरक नाही. मग बेल्जियममधे १२० स्तनाच्या पेशंटवर नीट चाचणी झाली, २०१८ साली छापून आली. निम्म्यांना रेडिएशनच्या पहिल्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा, एकूण १४ वेळा ८०८ आणि ९०५ नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे प्रकाश कुठल्या रंगाचा ते सांगायचं माप) लेसर दिला, निम्म्यांना मशीन नुसतं फिरवलं, लाईट बंद. रेडिएशन संपताना बंद लाईटवाल्यांत ३० टक्के बायकांची कातडी दुसऱ्या ग्रेडपर्यंत किंवा त्याच्या पुढे बिघडली होती (ग्रेड म्हणजे किती बिघडली त्याची पायरी, आकडा मोठा तितका त्रास जास्त), लेसरवाल्यांत ६.७ टक्के. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती "पहिल्या दिवसापासून" ही, कातडी सोलल्यावर धावाधाव करून उपयोग कमी, आधीच चालू करायचं असतं. कॅन्सरच्या पेशंटची काळजी या विषयावरच्या मास्क या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ साली स्तनाच्या पेशंटसाठी याची शिफारस केली. त्याच यादीत मोमेटासोनसारखं स्टेरॉइड मलम आहे, कातडीवर चिकटवायची पातळ फिल्म आहे आणि ऑलिव्ह ऑईलही आहे. हळद नाही.

तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमधे, जो आपल्याकडं तंबाखू-मिश्रीमुळे घरोघरी ऐकू येतो, रेडिएशनने तोंड आतून सोलतं, घोटभर पाणीही गिळवत नाही, त्यावर तर या लाईटचा पुरावा कातडीपेक्षा पक्का आहे. २००६ साली आपल्या शेजारच्या मणिपालमधून हेलियम-निऑन लेसरचा चांगला अभ्यास आला होता. कुठला उपचार वापरावा याचा सल्ला देणाऱ्या ब्रिटनच्या नाईस संस्थेने २०१८ मधे तोंडासाठी हा उपचार वापरायला हरकत नाही असं सांगितलं.

प्रत्यक्षात काही अवघड नसतं, पेशंट आणि देणारा दोघांनी गॉगल घालायचा, काही मिनिटं पेनसारखा प्रोब किंवा दिव्यांचं पॅनल कातडीसमोर धरायचं, झालं. आटपाडी-जतवरून येणाऱ्याला वेगळी खेप पडत नाही, शेकाला आलं की त्याच वेळी होतं. अडचण ही की मशीन सगळीकडं नाही आणि डोस नेमका लागतो, कमी पडला तर काही होत नाही आणि जास्त झाला तर उलटा परिणाम, पेशी मंदावतात. म्हणून ऑनलाईन मिळणारे लाल दिवे आणून घरी तासभर समोर बसणं हे करू नका. शिवाय लाईटने उरलेला कॅन्सर वाढेल का ही भीती लोकांना असते आणि ती रास्त आहे. आतापर्यंतच्या पेशंटवरच्या अभ्यासात त्यामुळे कॅन्सर परत येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलेलं नाही, तरी जिथे गाठ दिसतीय तिथे थेट लाईट द्यायचं टाळतात. प्रकाशाने ॲलर्जी येणारी औषधं चालू असतील तर तेही आधी सांगावं लागतं.

विचारायचं असेल तर पहिल्या शेकाच्या आधी, सिटी स्कॅन करून अंगावर खुणा मारायला बोलावतात त्याच दिवशी रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा, लाईट आहे का, किती नॅनोमीटरचा, आठवड्यातून कितीदा, आणि नसेल तर मलम किंवा फिल्म कुठली. तोवर खुणा न पुसता कोमट पाणी, साधा साबण, सैल सुती कपडा आणि शेतात जाताना त्या भागावर ऊन पडू न देणं, एवढं घरी करता येतं.