मस्टँगच्या काचेखाली एक बादली पाणी

अमेरिकेत मिशिगनमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याने मध्यंतरी 1966 च्या फोर्ड मस्टँगचे चाळीस फोटो पाठवले. लालभडक रंग, आठ सिलिंडरचं 289 घनइंची, म्हणजे सुमारे 4.7 लिटरचं इंजिन. चाळीसपैकी निम्म्याहून जास्त फोटो इंजिनाचेच. खाली प्रश्न, "मामा, आवाजाचा व्हिडिओ पाठवू?" म्हटलं, आवाज राहू दे, आतलं कारपेट उचल आणि त्याखालचा फोटो पाठव.

(मस्टँगला दांडग्या इंजिनाची 'मसल कार' म्हणायचं की आटोपशीर, स्पोर्टी 'पोनी कार', यावरून तिकडचे शौकीन हमरीतुमरीवर येतात. गंजाला दोन्ही सारख्याच.)

इंजिनाचं एवढं घेऊन बसायचं कारण नाही. ते साधं आहे, त्याचे सुटे भाग आजही नवे मिळतात, चांगला मेकॅनिक ते उतरवून पुन्हा बांधून देतो. पत्र्याची गोष्ट वेगळी. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नाही. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना वेल्ड करून सांगाडा उभा केलाय. पत्रा सडला की गाडीची हाडंच सडली.

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज, हे आपण शाळेत शिकलो. त्यावरून वाटतं, जिथे हवा जास्त तिथे गंज जास्त. इथेच फसगत होते. केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांनी 1920 च्या दशकात एक सुरेख प्रयोग केला. घासून लख्ख केलेल्या लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एकच थेंब. त्यात फिनॉल्फ्थॅलीन (अल्कलीत गुलाबी होणारं) आणि पोटॅशियम फेरीसायनाइड (विरघळलेल्या लोखंडाने निळं होणारं). थोड्या वेळाने थेंबाची कड गुलाबी होते आणि मध्य निळा. कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, तिथे तो इलेक्ट्रॉन घेऊन अल्कली तयार करतो, म्हणून गुलाबी. ते इलेक्ट्रॉन येतात मधून, जिथे ऑक्सिजन संपलाय. तिथलं लोखंड विरघळतं, म्हणून निळं. कड झाली ऋणाग्र, मध्य झाला धनाग्र. एका थेंबात अख्खी बॅटरी! आणि लोखंड झिजतं ते हवा कमी असलेल्या ठिकाणी.

आता थेंबाच्या जागी दोन पत्र्यांमधली फट धरा. पाणी केशाकर्षणाने आत शिरतं. खोलातला ऑक्सिजन लवकर संपतो, मग आतला पत्रा विरघळू लागतो. लोहाचे धन आयन साचले की त्यांचा भार तोलायला बाहेरून मिठातलं क्लोराइड आत ओढलं जातं. त्यातून बनलेल्या फेरस क्लोराइडची पाण्याशी अभिक्रिया होऊन फटीत चक्क हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. आम्लाने आणखी लोखंड विरघळतं, त्यामुळे आणखी क्लोराइड येतं. चक्र स्वतःच स्वतःला ढकलत राहतं. शिवाय गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असतं, त्यामुळे जोड फुगून उसवतो. बाहेरच्या रंगाला बारीकसा फोड दिसेपर्यंत आत भोक पडलेलं असतं.

क्लोराइड येतं रस्त्यावरून. बर्फ वितळवायला तिकडे हिवाळाभर मीठ टाकतात. आणि ज्या डेट्रॉइटने या गाड्या घडवल्या, त्याच शहराच्या पोटात साडेतीनशे मीटर खाली मिठाची खाण आहे, रस्त्यावर टाकायचं मीठ तिथूनही निघतं. हे मीठ पत्र्यावर बसलं की हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात आपल्या बरणीतलं मीठ ओलं होतं ना, तेच. म्हणून हिवाळ्यात खारट चिखलाने भरलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये 'जपून' ठेवणं उलट वाईट. मीठ ओलं राहतं आणि उबेने अभिक्रिया जोर धरते.

बॅटरीला जोडायची 'गंजरोधक' इलेक्ट्रॉनिक डबीही विकायला असते. जहाजाला विद्युत संरक्षण देता येतं, कारण जहाज समुद्रात बुडालेलं असतं, मंडल पूर्ण करायला भोवती खारं पाणी असतं. गाडीभोवती हवा. त्या डबीपेक्षा आपलं लिंबू-मिरची बरं, निदान स्वस्त तरी.

मग तपासायचं कसं? फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक मागच्या चाकांभोवती आणि दारांच्या खालच्या कडेने फिरवा. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड, त्यावर पुट्टीचा जाड थर असला की ओढ एकदम ढिली पडते. मात्र छताच्या मागच्या खांबाच्या जोडावर कारखान्यातच शिसं भरलेलं असे. तिथे चुंबक रुसलं म्हणून लगेच मालकाला चोर ठरवू नका.

मस्टँगची खरी खोड समोरच्या काचेच्या बुडाशी आहे. वायपरखालच्या जाळीतून पावसाचं पाणी एका बंद पेटीत जातं आणि दोन्ही बाजूंनी खाली ओघळतं. त्याच पेटीत हवेसाठी दोन भोकं आहेत, आणि पाणी आत पडू नये म्हणून त्यांना पत्र्याची उभी कॉलर. पेटीत पानं, काड्या, माती साचते, ती ओल धरून ठेवते, कॉलर बुडाशी सडते. मग पाणी थेट पायाशी आणि तिथून तळाच्या पत्र्यात. वरून काहीच दिसत नाही. दुरुस्तीसाठी ढीगभर स्पॉट वेल्ड फोडून पेटी उघडावी लागते. परीक्षा मात्र फुकट : जाळीत बादलीभर पाणी ओता आणि आत वाकून बघा.

बाकीचं थोडक्यात. 1966 च्या ब्रेकना एकच हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारं) मंडल, एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. गाडीला कारखान्यात दिलेल्या क्रमांकात (नंबर प्लेटवरच्या नव्हे) पाचव्या जागेवरचं अक्षर इंजिन सांगतं : 'सी' म्हणजे साधं 289, 'के' म्हणजे जास्त ताकदीचं आणि महागडं. दुसऱ्या जागेवरचं अक्षर कारखाना सांगतं. 'आर' म्हणजे कॅलिफोर्नियातलं सॅन होझे. यावरून विकणारे 'कॅलिफोर्नियाची, बिनगंजाची गाडी' म्हणून गळ्यात मारतात. जन्म तिथला, पण साठ हिवाळे कुठे काढले?

भाच्याची गाडी 'आर' होती. मालक "कशाला उगाच?" म्हणत असतानाच त्याने बादली ओतली. ड्रायव्हरच्या बाजूला कोरडं. शेजारच्या सीटपुढे, हीटरच्या खालून, चहाच्या रंगाचे थेंब.

काल त्याने दुसऱ्या एका गाडीचे फोटो पाठवले. सगळे खालून काढलेले.