तुरटीने खाल्लेलं लाकूड आणि लवंगेतलं रसायन

नॉर्वेत टॉन्सबर्गजवळच्या ओसेबर्ग इथे १९०४ साली एक मातीचा ढिगारा खणला गेला. आत व्हायकिंग काळातलं अख्खं जहाज निघालं. इसवी सन ८३४ मध्ये दोन स्त्रियांच्या दफनासाठी ते तिथे पुरलं होतं. जहाज ओकचं असल्यामुळे सावकाश वाळवूनही टिकलं. पण सोबतच्या मेपल आणि बर्चच्या कोरीव वस्तू, त्यातल्या नक्षीदार बर्फगाड्या, यांची अवस्था नाजूक होती.

शेकडो वर्षं ओल्या मातीत राहिलेलं लाकूड वरून धडधाकट दिसतं. प्राणवायू नसल्याने तिथे बुरशीचं काही चालत नाही, पण काही जिवाणू पेशींच्या भिंतींमधलं सेल्युलोज हळूहळू फस्त करतात. उरतो तो मुख्यतः लिग्निनचा, म्हणजे लाकडाला ताठपणा देणाऱ्या घटकाचा सांगाडा, आणि रिकाम्या जागेत शिरतं पाणी. आता हे पाणीच लाकडाला तोलून धरत असतं. असं लाकूड उघड्यावर ठेवलं की पाणी बारीक पोकळ्यांतून मागे सरतं आणि सरता सरता दोन्ही बाजूंच्या भिंती आत ओढतं. पोचट भिंतींना तो ताण सोसत नाही. उन्हात ठेवलेल्या काकडीच्या चकतीसारखा तुकडा आक्रसतो, वळतो, तडकतो. कोरीव काम असेल तर ते एकदाच वाळतं आणि कायमचं जातं.

म्हणून पाणी काढण्याआधी त्याच्या जागी दुसरं काहीतरी भरावं लागतं. ओसेबर्गच्या वस्तूंसाठी त्या काळच्या तज्ज्ञांनी तुरटी निवडली. सुमारे ९० अंश सेल्सिअसच्या तुरटीच्या द्रावणात वस्तू ठेवायच्या, नंतर जवसाचं तेल आणि वर रोगण. आकार टिकला, रंग टिकला, सगळे खूश. पण तुरटी फक्त वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच पोहोचली होती, आणि गरम द्रावणात तिच्यापासून सल्फ्युरिक आम्ल तयार झालं होतं. ते आम्ल शंभर वर्षं आतून लाकूड खात राहिलं. आज काही वस्तूंमध्ये सेल्युलोज जवळजवळ उरलेलं नाही. वरून बर्फगाडी साजरी दिसते, पण आतल्या लाकडाला हात लावला तर भुगा होईल.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तुरटीची जागा पॉलिइथिलिन ग्लायकॉल या मेणासारख्या कृत्रिम पदार्थाने, म्हणजे पेगने घेतली. स्टॉकहोमच्या बंदरात १६२८ साली बुडालेलं आणि १९६१ साली वर काढलेलं ‘वासा’ हे युद्धनौकेचं धूड वाचलं ते पेगमुळेच. त्यावर सतरा वर्षं पेगचे फवारे मारले गेले. पेग लाकडात चांगलं मुरतं, पाण्यात विरघळतं, स्वस्त आहे. पण ते खनिज तेलातून येतं, लाकडाचं वजन वाढवतं, त्याला मऊ करतं आणि कालांतराने त्याचे रेणू तुटू लागतात. शिवाय ‘वासा’मध्ये समुद्रातून आलेलं गंधक आणि गंजलेल्या बोल्टांतलं लोह मिळून आम्ल तयार होतंच आहे. ते पेगला थांबवता येत नाही.

ओस्लो विद्यापीठात २०१४ पासून ‘सेव्हिंग ओसेबर्ग’ हा प्रकल्प चालला, त्यात विचार उलट्या बाजूने झाला. लाकडात परकं काही कोंबण्यापेक्षा, लाकूड स्वतः ज्याचं बनलेलं आहे तेच त्याला परत का देऊ नये? लिग्निन ज्या छोट्या रेणूंपासून घडतं, त्यांचा जवळचा नातलग म्हणजे आयसोयुजेनॉल. लवंगेच्या तेलात भरपूर असणाऱ्या युजेनॉलपासून ते बनवता येतं. (दातांच्या दवाखान्यात येतो तो वास युजेनॉलचाच.) आयसोयुजेनॉलचे रेणू लहान असताना लाकडात मुरू द्यायचे आणि मग हॉर्सरॅडिश या तिखट मुळातलं विकर (एन्झाइम) आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून आतल्या आत त्यांच्या साखळ्या जोडायच्या. मोठा रेणू बाहेरून आत घुसवण्याची कटकटच नाही. यातून लिग्निनसारख्या आखूड साखळ्या तयार होतात, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं. मला या कल्पनेतली ही बाजू सर्वांत हुशारीची वाटते.

केंब्रिजमध्ये इंग्लंडचा राजा हेन्री आठवा याच्या ‘मेरी रोज’ या जहाजाच्या लाकडावर वेगळा प्रयोग झाला. तिथे मुख्य घटकांपैकी एक होता गवारीच्या बियांचा डिंक. हो, आपल्या भाजीतली गवारच. जगातली बहुतेक गवार भारतात, त्यातही राजस्थानात पिकते. तिच्या डिंकाला कोळंबीच्या कवचापासून बनवलेल्या कायटोसानची जोड देऊन एक जाळं विणलं गेलं. ते लाकडाला आधार देतं, लोहाचे आयन पकडून ठेवतं आणि गरज पडली तर सोडवताही येतं. जपानमध्ये स्टार्चपासून बनवलेली ट्रेहलोज ही साखर वापरतात. तिचं गरम, दाट द्रावण लाकडात मुरवलं की थंड होताना आतच स्फटिक होतात.

पण वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक, असं समजण्यात अर्थ नाही. जवसाचं तेलही वनस्पतीचंच होतं, आणि त्याने ओसेबर्गला वाचवलं नाही. साखरेवर बुरशी आणि मुंग्या दोन्ही येऊ शकतात. निकष तीनच: पदार्थ आतपर्यंत पोहोचतो का, आम्ल बनवत नाही ना, आणि पुढच्या पिढीला त्यावर आणखी उपचार करायची वाट मोकळी ठेवतो का.

ओसेबर्गच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. तुरटी काढायची तर वस्तू पाण्यात घालावी लागेल, आणि पाण्यात घातली तर तुरटीबरोबर वस्तूही विरघळून पडेल. बरेच तुकडे तर गोंद आणि खिळ्यांनी जोडलेले आहेत. म्हणून आता पाण्याऐवजी अल्कोहोलसारख्या द्रावकांत चालतील असे कायटोसानचे बदललेले प्रकार, आणि आम्ल शमवण्यासाठी कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे अतिसूक्ष्म कण, यांची तपासणी खराब झालेल्या छोट्या तुकड्यांवर केली जाते. मूळ गाडीला अजून कुणी हात लावलेला नाही.