कागद धरणारा हात

पाचेक वर्षांचं मूल कात्रीने कागदाचा गोल कापत असलं की आपण कात्रीकडे बघत बसतो. खरी करामत दुसऱ्या हाताची असते. कात्रीचा हात नुसती उघडझाप करतो, आणि कागद धरलेला हात तो थोडाथोडा फिरवत राहतो म्हणून गोल होतो. हे फिरवणं जमलेलं नसलं की मूल कोपर वर उडवून कात्रीच वळवू पाहतं आणि गोलाचा बटाटा होतो.

दोन्ही हातांनी एकच हालचाल करणं मेंदूला सोपं जातं. दोन हातांना दोन वेगळी कामं देणं हे शिकावं लागतं. दोन्ही तर्जन्या टेबलावर ठेवून एकाच वेळी डावीकडे, मग उजवीकडे हलवा आणि वेग वाढवत न्या. एका टप्प्यावर त्या आपोआप एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या, आत-बाहेर हलू लागतात. हालचालींचे अभ्यासक स्कॉट केल्सो यांनी १९८४ मध्ये या प्रयोगाचं मोजमाप प्रसिद्ध केलं. लहान मुलांना तर वेगाचीही गरज नसते. एका हाताची बोटं अंगठ्याला टेकवायला सांगा, मांडीवरच्या दुसऱ्या हाताची बोटंही चाळवतात. साधारण दहाव्या वर्षापर्यंत हे बरंचसं मावळतं.

याचं एक कारण कॉर्पस कॅलोसममध्ये आहे. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा हा सुमारे २० कोटी तंतूंचा जुडगा. तो निरोप पोचवतो, तसाच एका बाजूची हालचाल दुसरीकडे पसरू नये म्हणून लगामही घालतो. तंतूंवरचं मायलिनचं, म्हणजे निरोप वेगाने पोचवणाऱ्या स्निग्ध थराचं, वेष्टण विशीपर्यंत तयार होत राहतं. म्हणून चार वर्षांच्या मुलाला 'तो हात स्थिर ठेव ना' असं दहादा बजावण्यात फारसा अर्थ नाही. तीव्र अपस्मारावर उपाय म्हणून ज्यांचा हा जुडगा कापावा लागला, ते रुग्ण एकाच वेळी दोन हातांनी दोन वेगळ्या आकृत्या सहज काढू शकले, असं १९९६ मध्ये दिसून आलं. आपल्याला ते सहजी जमत नाही! पण दोन हातांनी मिळून करायचं नवं काम शिकणं याच रुग्णांना जड जातं.

सहाव्या महिन्याच्या आसपास बाळ खुळखुळा या हातातून त्या हातात घेतं, नऊ-दहा महिन्यांचं झालं की दोन ठोकळे एकमेकांवर आपटतं. एका हाताने डबा धरून दुसऱ्याने आतलं काढणं वर्षाच्या पुढेमागे दिसू लागतं, आणि इथून दोन हातांच्या वाटा वेगळ्या होतात.

फ्रेंच संशोधक इव्ह गियार यांनी १९८७ मध्ये मांडलं की धरणारा हात आधी जागा ठरवतो आणि दुसरा त्या जागेत बारीक काम करतो. लिहिताना आपण नकळत कागद सरकवत असतो. तो सरकवायची मुभा नसेल, तर मोठ्यांचाही लिहिण्याचा वेग सुमारे २० टक्क्यांनी घटतो. मुलांच्या वहीत अक्षर वेडंवाकडं दिसलं तर आधी दुसरा हात कुठे आहे ते बघावं. बऱ्याचदा तो बाकाखाली लोंबत असतो.

यासाठी महागडी खेळणी कशाला? मटार सोलणं, गजरा ओवणं, भोवऱ्याला दोरी गुंडाळणं, पोळीला तूप लावताना ताटली धरणं, या सगळ्यांत एक हात धरतो आणि एक करतो. (दाणे-मणी तोंडात घालायच्या वयात मात्र शेजारी बसा.) अडचण आपल्या घाईची असते. बटणं आपणच लावतो, डबाही आपणच उघडून देतो. डावखुऱ्या मुलात कामं उलटी वाटली जातात, एवढाच फरक. त्याला हात बदलायला लावू नये.

वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल आणि दुसऱ्याची मूठ सतत मिटलेली असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सेरेब्रल पाल्सीमुळे (लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेने हालचालींवर होणाऱ्या परिणामामुळे) एक बाजू कमजोर असलेल्या मुलांसाठी पूर्वी चांगला हात बांधून दुसऱ्याला कामाला लावण्यावर भर असे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 'हॅबिट' ही दुसरी पद्धत विकसित झाली. त्यात हात बांधत नाहीत. दोन्ही हातांशिवाय पुढे सरकणारच नाहीत असे खेळ रोज अनेक तास खेळवतात, आणि कोणता हात काय करणार ते आधीच ठरवतात. प्रगती मोजायला स्वीडनमध्ये तयार झालेली एक चाचणी वापरतात. मूल खेळत असताना चित्रीकरण करायचं आणि कमजोर हात धरायला, टेकू द्यायला, स्थिर ठेवायला किती उपयोगी पडतो, त्यावर गुण द्यायचे.