चापाला सरोवराकाठची निवृत्तांची वस्ती

अमेरिका व कॅनडातील नोकरदार निवृत्तीनंतर मेक्सिकोत ज्या ठिकाणी स्थायिक होतात, त्यांपैकी हे एक जुने ठिकाण. हालिस्को राज्यातील चापाला हे मेक्सिकोतले सर्वांत मोठे सरोवर. ग्वादालाहारा शहराच्या दक्षिणेस सुमारे ५० किमी.वर व समुद्रसपाटीपासून साधारण १,५०० मी. उंचीवर. उत्तर काठावरच्या चापाला, अहिहीक, होकोतेपेक या गावांत परदेशी लोक राहतात. उंचीमुळे हवा बारमाही सौम्य असते. ‘लेक चापाला सोसायटी’ ही त्यांची संस्था १९५५ पासून आहे. अहिहीकमध्ये दर बुधवारी ‘तिआंगिस’ म्हणजे आठवडी बाजार भरतो. पपई-अव्होकाडोच्या ढिगापुढे मोडक्या स्पॅनिशमध्ये भाव विचारणारे पांढऱ्या केसांचे गिऱ्हाईक ही तिथली नेहमीचीच ओळख.

बेत आखायला सुरुवात होते पन्नाशीत. आधी भाड्याने राहून पाहावे, जून ते ऑक्टोबरचा पावसाळाही अनुभवावा, मगच घर घ्यावे, हा जुन्या रहिवाशांचा सल्ला. पर्यटक म्हणून जास्तीत जास्त १८० दिवस राहता येते. त्यापुढे राहायचे तर वकिलातीत उत्पन्न किंवा शिल्लक दाखवून तात्पुरता निवास मिळवावा लागतो. चार वर्षांनी तो कायम करता येतो. १९१७ च्या राज्यघटनेतील २७ व्या कलमानुसार समुद्रकिनाऱ्यापासून ५० किमी. व देशाच्या सीमेपासून १०० किमी.च्या पट्ट्यात परक्यांना जमिनीची थेट मालकी मिळत नाही, बँकेच्या विश्वस्त निधीमार्फत घर घ्यावे लागते. चापाला या पट्ट्याबाहेर असल्याने खरेदीखत स्वतःच्या नावावर होते. मात्र स्वस्तात मिळणारा प्लॉट ‘एहिदो’ची, म्हणजे गावसमूहाची जमीन निघू शकतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, पाहून माणूस दचकतो, तसेच इथेही दचकावे.

खरी गाठ औषधोपचाराची. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी निवृत्तिवेतनाचे, पैसे मेक्सिकोत मिळतात; मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा मात्र थोडे अपवाद सोडता देशाबाहेर लागू होत नाही. बरे, परदेशी राहतो म्हणून ६५ व्या वर्षी मेडिकेअरचा ‘भाग बी’, म्हणजे डॉक्टर व बाह्यरुग्ण उपचारांचा विमा, घेतला नाही, तर पुढे घेताना उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो, आणि तो वाढीवच राहतो. त्यामुळे अनेकजण न वापरताही हप्ता भरत राहतात: मोठे ऑपरेशन निघालेच तर मायदेशी परतायचे. मेक्सिकोच्या सरकारी विमा योजनेत स्वेच्छेने शिरता येते, पण आधीपासूनचे काही आजार तीत बसत नाहीत. अमेरिकन नागरिकाला कुठेही राहिले तरी करविवरण भरावेच लागते. परदेशी खात्यांची एकत्र शिल्लक वर्षात केव्हाही १०,००० डॉलरांवर गेली, तर ती वेगळी कळवावी लागते.

डॉलरमुळे गावात रोजगार आला, तसे घरभाडेही चढले. पेसोत पगार घेणाऱ्या स्थानिकांना त्याची झळ बसते. पुण्याला परतू पाहणारी अमेरिकेतली मराठी मंडळीही मेडिकेअरचे हेच गणित मांडतात. फरक इतकाच की, बाजारात भाव विचारताना त्यांना भाषा शोधावी लागत नाही.